एकाच आकड्याचे दोन अर्थ

गेल्या आठवड्यात एका बगपायी तीन रात्री जागवल्या. लॉगमधला आकडा बरोबर होता, आम्ही त्याचा अर्थ उलटा लावत होतो! आज शनिवार, निवांत चहा घेताना कोपनहेगनची गोष्ट आठवली. तिथे अशाच चुकीपायी माणसं मरत होती.

आधी थोडी शाळेची उजळणी. लिटमस आठवतोय? आणि 'सामू'? इंग्रजी माध्यमवाल्यांसाठी: सामू म्हणजे पीएच. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काढली, तीही कोपनहेगनमध्येच, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत! ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट.

आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात असतो. तो दोघं मिळून सांभाळतात. पेशींमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की आम्ल होतं. तो फुप्फुसं बाहेर टाकतात. आम्लाला आवर घालणारं बायकार्बोनेट मूत्रपिंडं राखतात. म्हणजे सामू ठरतो तो या दोघांच्या प्रमाणावर. नुसता एक आकडा बघून काही कळत नाही. गोष्टीची गोम इथेच आहे.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडम हॉस्पिटलमध्ये येऊ लागले. तिथे होतं काय? एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीवर बसवायची सहा यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले.

रक्ताच्या तपासणीत बायकार्बोनेट खूप वाढलेलं दिसायचं. डॉक्टरांनी सरळ अर्थ लावला: रक्त अल्कली झालंय. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

शेवटी प्रमुख डॉक्टर लासेन यांनी ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. घामेजलेली त्वचा, चढलेला रक्तदाब ही लक्षणं इब्सेनला ऑपरेशन थिएटरमुळे ओळखीची होती. श्वास अपुरा पडला की असंच होतं. त्याचं म्हणणं होतं की कार्बन डायऑक्साइड आत साठतोय आणि त्याला तोंड देताना बायकार्बोनेट वाढतंय. म्हणजे रक्त अल्कली नाही, आम्ल झालंय! आकडा तोच, निदान बरोब्बर उलटं. प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा सामू प्रत्यक्ष मोजला तेव्हा इब्सेनचंच खरं निघालं. ज्या शहरात ही मोजपट्टी जन्मली, तिथेच ती लावून बघायला साथ यावी लागली. अर्थात तेव्हा रक्ताचा सामू मोजणं आजच्यासारखं रोजचं काम नव्हतं, हेही खरं.

२७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. तिची तडफड एवढी, की हवा आत जाईना. इब्सेनने तिला पेंटोथॉल दिलं. तिचा स्वतःचा श्वास थांबला... आणि मग तो रबरी पिशवी दाबून तिला श्वास देऊ लागला. मुलगी सावरली.

पण पिशवी सतत दाबणार कोण? यंत्रं तर नव्हतीच. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. एकेका वेळी सत्तरेक रुग्णांचा श्वास असा कोणाच्या तरी हातात होता, तोही कित्येक आठवडे! मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, इब्सेनने कोपनहेगनमध्येच दुसऱ्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग सुरू केला. आपल्या ओळखीच्या आयसीयूची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

मला राहून राहून त्या २७ जणांचं वाटतं. डॉक्टर हुशार होते, तपासणी चोख होती. फक्त "याचा दुसरा काही अर्थ निघू शकतो का?" हे विचारायला बाहेरचा माणूस यावा लागला. आमचा बगसुद्धा शेजारच्या टीममधल्या मुलीने दहा मिनिटांत पकडला.

असो. चहा गार झाला!