‘तू काय करतोस?’ : एका लाल खोक्याची गोष्ट

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला एपिसोड आठवतोय? नोव्हेंबर १९८३. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं एक कल्पित गाव, एका घराचं तळघर आणि टेबलाभोवती चार पोरं. डेमोगॉर्गन अंगावर येतो, विल घाईघाईत फासा टाकतो. १३ किंवा जास्त हवे असतात, पडतात ७. पुढे येणाऱ्या ‘खऱ्या’ राक्षसाच्या नादात आपण हा प्रसंग विसरून जातो. मला मात्र तिथेच एक प्रश्न पडला होता: ही पोरं हा खेळ शिकली कुणाकडून?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ला ‘व्यापार’सारखा पट नाही. सोंगट्या असल्या तरी चालतं, नसल्या तरी चालतं. शेवटी कुणी जिंकत नाही. एक जण ‘डन्जन मास्टर’ होतो आणि सांगतो, ‘समोर दगडी दार आहे, पलीकडून कुजबुज ऐकू येतेय. तू काय करतोस?’ बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमेल की नाही याची खात्री नसेल, तिथे फासा टाकायचा. लहानपणी चोर-पोलीस खेळलेल्या कुणालाही यातलं अर्धं येतंच. ‘ठो! मेलास!’ ‘नाही लागली!’ या भांडणाचा निकाल इथे फासा लावतो.

आज मी हे चार ओळींत सांगू शकतो, कारण मी तो खेळलोय. पण एखाद्या बारा वर्षांच्या मुलाने नुसतं छापील पुस्तक वाचून खेळायला बसावं, हे जमायला नऊ वर्षं लागली.

पहिले खेळाडू

हा खेळ जन्मला तो मोठ्या माणसांच्या युद्धखेळांतून. टेबलावर छोटे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळणारी मंडळी अमेरिकेत बरीच होती. १९६९ मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीने ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला. त्यात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. खेळाडू नियमांत नसलेल्या गोष्टी करायला लागले, अगदी द्वंद्वयुद्धसुद्धा, आणि वेस्लीला जागच्या जागी निर्णय द्यावे लागले. त्या टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने हीच कल्पना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या जादुई प्रदेशात आणि तिथल्या किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. १९७२ च्या अखेरीस त्याने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी जाऊन गॅरी गायगॅक्सला ती दाखवली.

गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेलेली होती, घर चालवायला तो चपला-बूट दुरुस्त करायचा. त्याने स्वतःचं भुयार रचलं, ‘ग्रेहॉक’. त्यात सगळ्यात आधी उतरले ते त्याची स्वतःची मुलं, अर्नी आणि एलीस. म्हणजे ज्या खेळाला पुढे कित्येक वर्षं ‘मुलग्यांचा खेळ’ म्हटलं गेलं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या खेळाडूंत एक मुलगी होती. आणि त्या दोघांना पुस्तकाची गरजच नव्हती. समोर बाबा बसलेले होते.

ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलेलं

जानेवारी १९७४ मध्ये खेळ विक्रीला आला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची, किंमत १० डॉलर, लाकडी नक्षीच्या तपकिरी खोक्यात तीन पुस्तिका. त्या वाचायला घेतल्या की मला आमच्या ऑफिसमधली जुनी डॉक्युमेंटेशन आठवतात. लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, म्हणून मुख्य गोष्टच लिहायची राहून जाते. लढाईसाठी ‘चेनमेल’ हा आधीचा युद्धखेळ तुमच्याकडे असेल असं गृहीत धरलेलं होतं. खेळायला बसल्यावर कुणी काय बोलायचं, हे नवख्याला त्यातून उमगणं अवघड होतं.

तरी खेळ पसरला, कारण तो माणसाकडून माणसाकडे गेला. कुणीतरी कॉलेजात शिकायचं आणि सुट्टीत घरी येऊन धाकट्या भावाला शिकवायचं. गाण्याच्या घराण्यांसारखं झालं होतं. प्रत्येक गावातल्या टोळीचे अर्थ वेगळे, खाचाखोचा वेगळ्या. ज्याला गुरू नाही, त्याला खेळ नाही.

ही अडचण सोडवायला पहिल्यांदा पुढे आला तो जॉन एरिक होम्स, पेशाने मेंदूचा डॉक्टर आणि प्राध्यापक. त्याने विस्कळीत नियम एकत्र करून १९७७ चा ‘बेसिक सेट’ संपादित केला. मागणी इतकी वाढली की १९७९ मध्ये कंपनीला फासे पुरेनात. मग काही खोक्यांत फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आल्या. पेल्यात टाका, हलवा, एक उचला. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हेने नियम आणखी सुटसुटीत केले. पण गाडी त्याच रुळावर होती: आधी नियम, मग खेळ.

१९८३ मध्ये फ्रँक मेंट्झरने हा क्रम उलटा केला.

अलीना

लाल खोकं, वर लॅरी एल्मोरने काढलेला लाल ड्रॅगन. आत फासे आणि त्यांच्यासोबत मेणाचा एक खडू. फाशांवरचे आकडे नुसतेच कोरलेले असायचे, त्यांत रंग आपण भरायचा. खेळाडूचं पुस्तक उघडलं की नियमांच्या आधी गोष्ट सुरू होते, आणि त्या गोष्टीत तुम्हीच आहात. तुम्ही योद्धा आहात, गुहेत शिरता. साप चावतो, म्हणून तुमच्यात किती जीव उरला हे मोजायला शिकता. पुढे अलीना नावाची धर्मसेविका भेटते. ती तुमची जखम मंत्राने भरते, म्हणून मंत्र कळतात. मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार येतो आणि त्याच्या चमकत्या बाणाने अलीना मरते. तुम्ही तिचा देह उचलून गावात आणता.

त्यानंतर आकडे घातलेल्या परिच्छेदांतून एकट्याने खेळायचं दुसरं साहस, आणि मग कुठे मित्रांना बोलवायचं. शिकवणी चालू आहे याचा पत्ताच लागत नाही. त्या काळी ते खोकं उघडलेली माणसं आज पन्नाशीत आहेत आणि नियम विसरली तरी अलीनाचं नाव त्यांच्या लक्षात असतं. गावात खेळणारं दुसरं कुणी नसलं, तरी मूल आता सुरुवात करू शकत होतं.

आणि नेमकं याच वर्षांत मोठी माणसं घाबरली. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी तो या खेळापायी हरवल्याचं छापलं. १९८३ मध्ये, मुलाच्या आत्महत्येने खचलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना उभारली. १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाने हा विषय घराघरांत नेला. सैतानाची पूजा, काळी जादू असे आरोप झाले. खेळामुळे मुलं जीव देतात हे कधीच सिद्ध झालं नाही. त्या आईच्या दुःखाची थट्टा मला करवत नाही, पण भीतीचं एक कारण मला कळतं. क्रिकेट बाहेरून दिसतं. हा खेळ बाहेरून दिसतच नाही. दिसतात ती दार लावून बसलेली, तासन्‌तास बोलणारी मुलं.

सांगलीतलं भुयार

जुलै २०१४ मध्ये नव्या आवृत्तीचे मूलभूत नियम कंपनीने फुकट पीडीएफमध्ये दिले. मी अकरावीत होतो, सांगलीत, आणि माझ्या ओळखीत हा खेळ खेळणारं कुणीही नव्हतं. शंभरहून जास्त पानं वाचून काढली आणि सहावीतल्या मावसबहिणीला बसवलं. वीस बाजूंचा फासा सांगलीत कुठे मिळणार? फोनवर फासे टाकणारं अ‍ॅप होतं, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. मग वीस चिठ्ठ्या केल्या आणि स्टीलच्या डब्यात घातल्या. अमेरिकेतही कधीकाळी हेच झालं होतं, हे मला फार नंतर कळलं.

मी नियम सांगायला लागलो, दोन मिनिटांत तिची चुळबुळ सुरू झाली. पीडीएफ बंद केली आणि म्हटलं, ‘वाड्यामागे आड आहे. आतून उजेड येतोय. तू काय करतेस?’

ती म्हणाली, ‘मी उतरतो.’

तिने योद्धा घेतला होता. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. मराठीत वाक्य संपायच्या आत ठरवावं लागतं, समोर मुलगी आहे की योद्धा. मी नियमांत शोधत बसलो असतो, तिने एका क्रियापदात सोडवलं. त्या क्षणी ती त्या आडात होती. पुढचे तीन तास मी ‘तू काय करतोस?’ विचारत राहिलो आणि ती उत्तरं देत राहिली.

जानेवारी २०२३ पासून या खेळाच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिलं की झालं, मराठीत आणायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. नियमांचं भाषांतर करायला कष्ट पडतील, पण वाट सरळ आहे. अवघड आहे ते मेंट्झरने केलेलं काम: ज्याला शिकवायला जवळ कुणी नाही, अशा मुलामुलीसाठी पहिलं पान लिहिणं. त्या पानावर ‘करतोस’ लिहायचं की ‘करतेस’, याचं उत्तर मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा तिथे रिकामी जागा सोडावी, आणि फाशांवरच्या आकड्यांसारखा रंग मुलांनाच भरू द्यावा.