राखण आणि सोबत : विरार लोकलमधला बायकांचा डबा

पत्रिकेवर विषय छापलाय ‘रोजच्या जीवनात स्त्रियांची सुरक्षितता’. या विषयावर साधारण काय सांगितलं जातं, ते तुम्हांला पाठ आहे. उशीर करू नका, अंधाऱ्या गल्लीतून जाऊ नका, एकटीने फिरू नका, जवळ पिन ठेवा. यातलं प्रत्येक वाक्य बाईला उद्देशून आहे आणि बहुतेक वाक्यांत ‘नका’ आहे. हे असं का झालं, ते मला इतिहासातून बघायचंय. आपण वसईत बसलो आहोत, तेव्हा त्यासाठी लांब जायला नको. विरार लोकलमधला बायकांचा डबा पुरेसा आहे.

१२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनाकडे पहिली लोकल निघाली. दिवसाला एक जाणारी आणि एक येणारी, बस्स. त्या गाड्यांतही बायकांची जागा वेगळी असे. पण तेव्हा ती कंपनीची मर्जी होती. कायदा आला १८९० चा. त्याचं कलम ६४ सांगतं की १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त स्त्रियांसाठी राखून ठेवायचा. त्यात शिरणाऱ्या पुरुषाला शंभर रुपयांपर्यंत दंड. तेव्हाचे शंभर रुपये, लक्षात घ्या!

आता हा कायदा बाईच्या स्वातंत्र्यासाठी आला का? मला तसं वाटत नाही. त्या काळात ज्यांना ‘चांगल्या घरच्या’ म्हणत, त्या बायका परपुरुषाशेजारी बसणार नाहीत, म्हणजे तिकीट घेणार नाहीत, ही चिंता होती. घरातला पडदा रुळांवर आणला गेला. श्रीमंत कुटुंबाला पैसे मोजून आख्खा कप्पा घेता येई, म्हणून कायद्याला खालच्या वर्गाची काळजी करावी लागली, इतकंच.

मराठीत याला नेमका शब्द आहे : राखण. राखण शेताची असते, गुरांची असते. राखण करणारा आणि जिची राखण होते ती, यांच्यात बरोबरी नसते. राखणीत मालकाची काळजी असते, आणि मालकाला सगळ्यांत सोयीचं काय? वस्तू घराबाहेर गेलीच नाही तर! ‘उशीर करू नका’ या सल्ल्याचं मूळ तिथे आहे. सल्ला देणाऱ्या आईच्या मनात प्रेमच असतं, मी नाही म्हणत नाही. पण सल्ल्याची घडण राखणीची आहे.

त्याच काळात आपल्या इथल्या दुसऱ्या बायका बघा. अर्नाळ्याच्या, नायगावच्या, पाचूबंदरच्या कोळणी. वाड्यांमधली भाजी, फुलं, केळी घेऊन मुंबईला जाणाऱ्या बायका. यांना पडदा परवडणाराच नव्हता. पहाटे अंधारात घर सोडायचं, डोक्यावर पाटी, स्टेशनापर्यंत चालत. त्यांना ‘अंधार पडायच्या आत घरात’ कोण सांगणार? त्या एकटीने निघत नसत, एवढीच त्यांची सुरक्षिततेची व्यवस्था. शेजारणीला हाक मारायची आणि दोघीतिघींनी निघायचं. हिला राखण म्हणत नाहीत, हिला सोबत म्हणतात. सोबत बरोबरीच्या माणसांत असते. आज तू मला, उद्या मी तुला. माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा जीव या दोन शब्दांच्या फरकात आहे.

पुढची वर्षं भराभर सांगते. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. मुंबईत घर परवडेनासं झालं तशी माणसं इकडे सरकली. १९९० मध्ये सिडकोकडे इथलं नियोजन आलं, २००९ मध्ये महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत महापालिकेची वस्ती बारा लाखांवर गेली. यातल्या असंख्य बायका रोज लांबच्या नोकरीला जाणाऱ्या.

५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली. पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. जगातली ही अशी पहिली गाडी, असं पश्चिम रेल्वे अभिमानाने सांगते. राखीव डबा मात्र जगात नवा नाही. टोकियोत १९१२ मध्ये शाळकरी मुलींसाठी होता. ब्रिटनमध्ये होता आणि १९७७ मध्ये बंद झाला. आपल्याकडे तो बंद झाला नाही, उलट अख्खी गाडी झाली. आणि मग डब्याचं रूपच बदललं. १८९१ चा कप्पा बाईला लपवण्यासाठी होता. या डब्यात मात्र बायका भाजी निवडायला लागल्या, भजनं म्हणायला लागल्या, हळदीकुंकू करायला लागल्या. कोणाचा नवरा मारतो, कुठला साहेब अंगचटीला येतो, कुठल्या स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सांभाळून जायचं, हे ज्ञान त्या डब्यात एकीकडून दुसरीकडे जात होतं. सुरक्षिततेचं असं पुस्तक कोणी लिहिलेलं नाही.

फार गोड चित्र नको रंगवायला. हाच डबा बोरिवलीच्या मुलीला दारातून चढू देत नाही, हेही तुम्हांला माहीत आहे. नालासोपाऱ्याच्या बायका सीटसाठी आधी उलट्या विरारला जातात, ‘डाऊन करतात’, त्यावरून होणारी भांडणं ऐकण्यासारखी असतात! सोबतीलाही कुंपण असतं.

आणि रात्री? रात्री अकराला तोच डबा रिकामा असतो. दिवसभर जी सोबत होती ती घरी गेलेली. उरते ती नुसती पाटी, ‘फक्त महिलांसाठी’. म्हणजे पुन्हा १८९१. म्हणून पुष्कळ बायका रात्री लेडीज डबा सोडून सर्वसाधारण डब्यात बसतात. घरचे लोक यावर चिडतात, पण मला यात अनुभवाचा शहाणपणा दिसतो.

पण माणसं असली की भागतं का? जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ च्या पुस्तकात म्हटलं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर असलेले डोळे. बरोबर आहे, पण अपुरं आहे. ऑगस्ट २००२. बोरिवलीकडे जाणारी लोकल, रात्रीची वेळ. एका गतिमंद मुलीवर बलात्कार झाला आणि डब्यात पाच प्रवासी होते. दहा डोळे होते! त्या घटनेने मुंबई हादरली. १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं होतं की बघणारे जितके जास्त, तितकं ‘मीच पुढे व्हावं’ असं एकेकाला कमी वाटतं. जबाबदारी वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला येत नाही. साक्षीदार आणि सोबती यांत हे अंतर आहे.

म्हणून मी सल्ला द्यायचाच झाला तर असा देईन. संकटात ‘वाचवा’ असं सगळ्यांना उद्देशून ओरडण्यापेक्षा एकाला धरा. ‘ओ निळा शर्टवाले दादा, तुम्ही १३९ ला फोन लावा.’ १३९ रेल्वेचा, ११२ पोलिसांचा. बोट दाखवलं की बघ्याला बघ्या राहता येत नाही. रात्री डब्यात एकटीच उरलात तर पुढच्या स्टेशनला उतरून, जिथे माणसं आहेत त्या डब्यात जा. त्यात भित्रेपणा नाही. साखळी ओढायला घाबरू नका. १९८९ च्या रेल्वे कायद्यात शिक्षा आहे ती पुरेशा कारणाशिवाय ओढण्याला. आणि ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची, हे आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलंय. लोक याला झीरो एफआयआर म्हणतात.

मात्र यातली निम्मी वाक्यं पुरुषांनी ऐकायची आहेत. निळा शर्ट तुमचाही असू शकतो.

२०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, मुंबईत बाईला बाहेर राहायला कारण दाखवावं लागतं : कामाला चाललेय, मुलाला आणायला चाललेय. निव्वळ उभं राहायची मुभा नाही. लेडीज स्पेशललाही हे लागू आहे. ती ऑफिसच्या वेळेची गाडी आहे. नाटक बघून परतणाऱ्या बाईसाठी कोणी स्पेशल सोडलेली नाही.

शेवटी स्टेशनाबाहेरचा रस्ता. पूर्वेला उतरून शेवटच्या इमारतीपर्यंतचा. तिथे ना डबा ना पाटी. पण नीट बघाल तर रात्रीच्या गाडीतून उतरलेल्या काही जणी पुलाच्या पायथ्याशी रेंगाळताना दिसतील. त्या तिसरीची वाट बघत असतात. ती आली की शेअर रिक्षा भरते आणि निघते. जी सगळ्यांत लांब उतरते, ती घरी पोचल्यावर ग्रुपवर एक अंगठा टाकते. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही बोला.