मॉनिटर

वर्गात खडू-डस्टर सांभाळणारा, बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा तो मॉनिटर. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ बजावणारा, ताकीद देणारा. पण हे नाव एका लोखंडी जहाजालाही मिळालं.

1862 साली अमेरिकी यादवीत जॉन एरिक्सनने एक विचित्र नौका बांधली. डेक पाण्याच्या जेमतेम दीड फूट वर आणि त्यावर फिरता बुरूज. एकेक इंच जाडीच्या आठ पत्र्यांची त्याची भिंत. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना आणि लंडनलाही ताकीद बसावी म्हणून त्याने नाव सुचवलं ‘मॉनिटर’. त्याच वर्षाच्या अखेरीस, 31 डिसेंबरला, ती वादळात बुडाली. ताकीद समुद्राने मानली नाही म्हणायची!

नाव मात्र तरलं, जातिवाचक झालं. ब्रिटिश नौदलाच्या एडवर्ड रीडने अशा नौकांच्या घाटात सुधारणा केली: बुरुजांच्या बुडाशी, डेकच्या मधोमध चिलखती तटबंदी उभारली, म्हणजे लाट डेकवरून गेली तरी पाणी यंत्रघरात उतरणार नाही. या घाटाच्या दोन नौका, ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’, 1870 साली पाण्यात उतरल्या त्या मुंबई बंदराच्या रक्षणासाठी. दोन्ही नावं 1868च्या ॲबिसिनिया मोहिमेतली. तिची फौजही मुंबईहूनच निघाली होती. या नौकांच्या लोखंडी पत्र्यांमागे सागवानाचं जाड अस्तर असे. गोळ्याचा हादरा लाकूड पचवी.

आणि हो, इंग्रजीत आपली घोरपडही मॉनिटरच. तिथे मात्र ‘वरन’ या अरबी नावाचा जर्मनांनी ‘ताकीद’ असा अर्थ लावून घोटाळा केला.