ज्याचं पिंपरीत कुणी नव्हतं

१९७२ साली दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्हींमुळे आमचं घर चिखलीला लागलं. मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यानंतरचा पावसाळा पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाकडे फिरकलाच नाही. पहिली हकिकत मी घरमालक तात्यांकडून ऐकली, दुसरी आजोबांकडून. मोरे वस्तीतल्या चाळीपुढच्या ओट्यावर दोघं संध्याकाळी बसायचे आणि आम्ही पोरं पायरीवर.

तात्या मूळचे इथले. गावाचं नाव सांगताना ते 'टाळगाव चिखली' असं पूर्ण सांगत. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले, ही कथा त्यांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली. इंद्रायणीकाठची काळी जमीन, बाजरी, भुईमूग, मळ्यातली मेथी-कोथिंबीर, बैलगाडीनं चिंचवडचा बाजार, हे सगळं ते काल घडल्यासारखं सांगत. मग टेल्कोच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पाठोपाठ प्राधिकरणाच्या नोटिसा आल्या. "कामगारांना घरं व्हायची म्हणाले. म्हटलं, होऊ द्या, पोटाला आलेली माणसं आहेत," तात्या म्हणत. हे म्हणताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे, याचं मला आजही नवल वाटतं. कारण १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना साडेबारा टक्के जमीन परत देण्याचा प्रश्न पुढे कित्येक दशकं निवेदनं, मोर्चे आणि निवडणुकीच्या आश्वासनांमध्येच फिरत राहिला. २०२१ मध्ये प्राधिकरणच गुंडाळलं गेलं. त्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आणि काही महापालिकेकडे गेला, पण म्हातारे शेतकरी फायली घेऊन हेलपाटे घालतच होते. या औद्योगिक पट्ट्याला भांडवल कुणी पुरवलं, असं कुणी विचारलं तर लोक टाटा, बजाज, बँका अशी नावं घेतात. माझ्या लेखी पहिलं भांडवल तात्यांसारख्यांचं. त्यांनी ते दिलं, पण त्यावरचं व्याज त्यांना मिळालं नाही.

आजोबांची गोष्ट खडीपासून सुरू व्हायची. बहात्तरच्या आधीची दोन वर्षंही धड पिकली नव्हती. विहिरीत खरवडून पाणी काढायचं, जनावरं मिळेल त्या किमतीला द्यायची किंवा सोडून द्यायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते आणि त्या रस्त्यांसाठी खडी. "बायामाणसं सगळी खडीवर. पायाला पोतं बांधायचं, नाहीतर चिपा उडून रक्त. डोळ्याला काय बांधणार?" खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटायची ती सुकडी. सुकडीचं नाव काढलं की आजी हसायची आणि मिलोचं काढलं की गप्प व्हायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. उपासमारीनं गावंच्या गावं मेली असती, ती या कामांमुळे तगली. धान्य कमी पडलं, महागलं, तरी हातात मजुरी होती म्हणून लोक ते विकत घेऊ शकले.

पावसानं त्या वर्षी हजेरी लावली तरी आजोबांचा धीर सुटला होता. धाकट्या भावाला, आमच्या नानांना, जमीन सांभाळायला ठेवून ते भावकीतल्या एकाबरोबर पुण्याच्या एसटीत बसले. आकुर्डीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर, मग लेथवर, मग काही वर्षांनी एका मोठ्या कंपनीत पर्मनंट. चिखली तेव्हा ग्रामपंचायत होती, खोलीचं भाडं कमी होतं, म्हणून इकडे आले. (महापालिकेत गाव गेलं ते १९९७ साली, तेव्हा मी शाळेत होतो.) पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन नानांना मनीऑर्डर करायची, हा नेम त्यांनी निवृत्तीपर्यंत मोडला नाही. त्या मनीऑर्डरवर नानांची दोन पोरं शिकली, विहिरीवर इंजिन बसलं, आत्याचं लग्न झालं.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या कपातीबद्दल.

१ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला. कामगार त्याला 'प्रोफेशन टॅक्स' म्हणतात, अजूनही. आजोबांच्या पगाराच्या चिठ्ठीवर फंडाखाली ही नवी ओळ आली तेव्हा खात्यात कुरकुर झाली. आधीच महागाई, त्यात हे काय? युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं गेट मीटिंगमध्ये समजावून सांगितलं, ते आजोबांना शब्दशः आठवत होतं: "तुमच्या गावाकडं जे खडी फोडतायत, त्यांच्या मजुरीला हे पैसे जाणार." कुरकुर थांबली, असं आजोबा सांगत. शंभरातले ऐंशी जण तिकडूनच आलेले होते.

त्या कार्यकर्त्याचं म्हणणं बरोबर होतं; तो कर रोजगार हमी योजनेसाठीच होता. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात १९७२ पासून ती राज्यभर नेण्याचं ठरलं, दुष्काळात ती दुष्काळी कामांत मिसळली आणि दुष्काळ सरल्यावर पुन्हा उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांत काम द्यायचं, देता आलं नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यायचा. रुपया फार थोडा होता आणि तो मिळवणं सोपं नव्हतं, पण सरकार देणं लागतं हे त्यात कबूल केलेलं होतं. सबंध देशासाठी असा कायदा व्हायला २००५ साल उजाडावं लागलं.

कायद्याइतकीच मोलाची होती ती पैशाची सोय. बहुतेक योजना अर्थसंकल्पात दरवर्षी मेहरबानीनं जगतात. हमीसाठी स्वतंत्र निधी केला. नोकरदारांवरचा व्यवसाय कर, विक्रीकरावर आणि वाहनकरावर जादा आकारणी, बागायती जमिनीवर विशेष आकार, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवर कर. आणि यातून जेवढं जमेल तेवढीच भर राज्य सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे ज्याच्या शेताला कालव्याचं पाणी आहे, ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार आहे, त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याच्याकडे फक्त हात आहेत त्याला मागायचा हक्क द्यायचा. जगातली गरिबी आणि विषमता कमी करायला पैसा कुठून आणायचा, यावर मोठमोठ्या परिषदा होतात. मला त्याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

ते उत्तर कसं पोचलं, हे मला आमच्या भावकीतल्या एका चुलतीनं सांगितलं. कोवळ्या वयात विधवा झालेली, दोन मुली, कोरडवाहू दीड एकर. तिचं पिंपरीत कुणी नव्हतं, मुंबईत नव्हतं, कुठेच नव्हतं. मनीऑर्डरवाला पोस्टमन तिच्या दारावरून पुढे जायचा. तिनं हमीवर कामं केली. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्याच्या भरावावर तिनं घमेली वाहिली. मुकादमाची हजेरी, मस्टरवरचा अंगठा, पोरींना सावलीला ठेवायला लिंबाखाली बांधलेली झोळी. "पैसं उशिरा मिळायचे, माप कमी धरायचे, पण कुणाच्या बांधावर जाऊन हात पसरावा लागला न्हाई. साहेबाला सांगाया गेलं की म्हणायचं, काम मागाया आलोय. भीक न्हाई," असं ती म्हणाली. तो तलाव भरला आणि खालच्या विहिरींना पाणी उतरलं. त्या विहिरींपैकी एक नानांची. म्हणजे आजोबांनी पाठवलेल्या इंजिनाला पाणी पुरवलं ते चुलतीच्या घमेल्यांनी, आणि तिची मजुरी भरली ती आजोबांच्या चिठ्ठीतल्या दुसऱ्या ओळीनं. मनीऑर्डर आपल्या माणसाला गेली. कर गेला तो ज्याचं कुणी नाही त्याला. आजोबांना हे मी एकदा असं जोडून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिला ठावं हाय का?"

सगळं चांगलंच झालं असं नाही. खोटी मस्टरं भरली गेली, कामं जमीनदारांच्या सोयीनं निघाली, आणि जमा झालेला सगळा कर हमीवर खर्च होत नाही हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. दुष्काळी तालुक्यांतले मजूर साखर कारखान्यांच्या फडात जातच राहिले, आमच्याकडचे अजूनही जातात. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलेली आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली. तिथून ती हललेली नाही. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलाय. त्याच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, बेरीज अडीच हजार. त्याच पट्ट्यात वर्षाला कोटभर पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याचाही व्यवसाय कर अडीच हजारच. भाच्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. साडेतीन दशकांहून अधिक काळात या पट्ट्यात किती संपत्ती निर्माण झाली ते मोशी-चाकण रस्त्यावर उभं राहिलं तरी दिसतं. त्या संपत्तीला हात लावण्याचा हा रस्ता मात्र जिथल्या तिथे अडकून पडला.

आणि पैसा लागतोच आहे. तात्यांचं रान आता इमारतींखाली आहे. सेक्टर १७ आणि १९ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून घरकुलं झाली, पण ठरली होती त्याहून खूप कमी. आंद्रा धरणाचं पाणी निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्याच जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तरी वस्तीला ते पुरत नाही. इंद्रायणीवर फेस तरंगतो. मे २०२५ मध्ये नदीच्या निळ्या पूररेषेतले छत्तीस बंगले पाडले गेले, त्याआधी कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली. ज्यांची कामं गेली ते बहुतेक परगावचे, परप्रांतातले; आमच्या आजोबांसारखेच पोटाला आलेले.

त्याच वर्षी जूनमध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०० कोटींचे हरित रोखे काढले. असे रोखे काढणारी ती राज्यातली पहिली महापालिका. व्याज ७.८५ टक्के, आणि पैसा पायी व सायकलनं जाणाऱ्यांसाठीच्या हरित वाटांना, रस्त्यांना. त्याआधी २०१७ मध्ये पुणे महापालिकेनंही पाणीपुरवठ्यासाठी साध्या रोख्यांतून २०० कोटी उभे केले होते. मी याच्या विरोधात नाही. पाइप, शुद्धीकरण केंद्र, रस्ता यांसाठी कर्ज काढणं रास्त आहे. पण रोख्यांतून पैसा कुणाला मिळतो? ज्या शहराकडे कारखाने आहेत, मालमत्ता कर भरणारे आहेत, ज्याची पत चांगली आहे, त्याला. पाथर्डीच्या नगरपालिकेला बाजार पैसे देणार नाही. आणि चुलतीसारखीला दिलेल्या मजुरीवर कोणता गुंतवणूकदार ७.८५ टक्के घेणार? गरिबी हटवायचा खर्च बाजाराकडून आणायचा म्हटलं की जिथे गरिबी नाही तिथेच पैसा आधी पोचतो.

जगातही तेच. रोखे निघाले त्याच महिन्याच्या शेवटी स्पेनमध्ये सेव्हिला इथे विकासासाठीच्या वित्तपुरवठ्याची संयुक्त राष्ट्रांची चौथी परिषद सुरू झाली. मॉन्टेरे, दोहा, अदिस अबाबा आणि मग सेव्हिला. विकसनशील देशांना वर्षाला सुमारे चार लाख कोटी डॉलर कमी पडतात, असा तिथला हिशेब. ते देश अमेरिकेच्या दुप्पट ते चौपट दरानं कर्ज घेतात आणि ३४० कोटी माणसं अशा देशांत राहतात जिथे आरोग्यावर किंवा शिक्षणावर होतो त्याहून जास्त खर्च व्याजावर होतो. हे आकडे वाचताना मला बहात्तरच्या आधीचा आमच्या गावचा सावकार आठवला. ज्याची नड मोठी त्याला दर जास्त, हा त्याचाही नियम होता. परिषदेत खासगी भांडवल कसं ओढून आणायचं यावर पुष्कळ बोललं गेलं. अतिश्रीमंतांवर कर बसवायला काही देश पुढे आले, अमेरिका तर परिषदेतच नव्हती. पागे यांनी मांडलेल्या हिशेबाची, कमावणाऱ्याच्या चिठ्ठीत एक ओळ आणि मागणाऱ्याच्या हातात एक हक्क, याची तिथे मला फार गरज वाटली.

या उन्हाळ्यात गावाकडे पाझर तलावातला गाळ काढायचं चाललंय. चिखलीत राहणाऱ्या आम्हा गाववाल्यांचा व्हॉट्सॲपचा गट आहे. डिझेलपुरते पैसे तासाभरात जमले, जेसीबी ठरला. ग्रामसभेत चुलती उठून उभी राहिली, आता सत्तरी ओलांडलेली. म्हणाली, "मशीननं आठ दिवसांत व्हईल, मला कळतंय. पर सात-आठ घरच्या बाया कामाची वाट बघत्यात. खालचं मशीननं काढा, भरावावरचं आन् कडंचं हातानं ठेवा. आन् अर्ज भरून घ्या, तोंडी नको." सरपंचानं कपाटातून कामाच्या मागणीचे कोरे नमुने काढले. आमच्या भावकीतल्या एका सुनेनं ते एकेकीला वाचून दाखवत भरले. चुलतीनं प्रत्येकीला पोच मागायला लावली.