मावळ विधानसभा मतदारसंघ

मावळ विधानसभा मतदारसंघ : पुणे जिल्ह्यातील सर्वसाधारण मतदारसंघ, क्रमांक २०४. सगळा मावळ तालुका आणि त्याला पूर्वेकडून जोडलेला हवेली तालुक्यातला देहू-देहूरोडचा पट्टा, एवढा त्याचा विस्तार. लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव ही तालुक्यातली मोठी गावे; पवन, नाणे आणि आंदर या तीन मावळांतल्या वाड्यावस्त्या; आणि टोकाला संत तुकारामांचे देहू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत येथील मतदारांची संख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. लोकसभेसाठी हा भाग मावळ (क्र. ३३) मतदारसंघात मोडतो.

देहूचे ठिकाण नकाशावर सांगणे सोपे, कारभारात सांगणे अवघड. तालुका हवेली, आमदार मावळचा, पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. शेजारच्या किन्हई, चिंचोली आणि झेंडेमळ्याचा कारभार देहूरोड छावणी मंडळाकडे, म्हणजे पर्यायाने संरक्षण मंत्रालयाकडे. इंद्रायणीचा पूल ओलांडून येलवाडीत पाऊल टाकले की तालुका खेड, विधानसभा खेड-आळंदी आणि लोकसभा शिरूर. देहू-आळंदी रस्त्याने तळवड्यात शिरले तर महापालिका लागते आणि विधानसभा भोसरी होते. नदीकाठच्या एखाद्या घरातल्या सासुरवाशिणीचे माहेर दोन मैलांवर असले, तरी माहेरच्या भिंतीवर वेगळ्याच उमेदवाराचे पत्रक चिकटलेले असू शकते. ही रचना २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या, २००८ साली लागू झालेल्या पुनर्रचनेतली आहे. तिच्यावरची पहिली निवडणूक २००९ ची.

हा मतदारसंघ अनेक वर्षे भाजपचा बालेकिल्ला म्हणून ओळखला गेला. त्याचे मूळ मात्र भाजपच्या जन्माआधीचे आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील असलेल्या भारतीय जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी मावळातून निवडून आले. म्हाळगी मूळचे खेड तालुक्यातल्या कडूसचे. आमदाराने वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांसमोर ठेवण्याची प्रथा त्यांनी पाडली. आज कार्यअहवाल म्हणजे गुळगुळीत कागदावर नेत्यांचे फोटो असा प्रकार झाला आहे, ती गोष्ट निराळी. म्हाळगींनी पुढे पुण्याच्या शुक्रवार पेठेतून विधानसभा गाठली, नंतर ते ठाण्याचे खासदार झाले. मावळशी त्यांचा प्रतिनिधी म्हणून संबंध एका मुदतीपुरताच. साठच्या दशकात रघुनाथराव सातकर यांच्या रूपाने मावळची आमदारकी काँग्रेसकडे आली.

१९७२ ची निवडणूक या मतदारसंघाच्या इतिहासात सर्वांत बोलकी. बांगलादेश युद्धानंतर इंदिरा गांधींच्या नावाची हवा होती. राज्यात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या. जनसंघाला अवघ्या ५ मिळाल्या आणि त्यांतली एक मावळची. निवडून आले तळेगावचे कृष्णराव भेगडे. पुढे ते जनसंघ सोडून काँग्रेसमध्ये आले आणि १९७८ साली त्याच मतदारसंघातून काँग्रेसचे आमदार झाले. पक्ष बदलला, माणूस तोच राहिला आणि मतदारानेही फार खळखळ केली नाही. मावळच्या राजकारणाची ही नस पुढच्या पन्नास वर्षांत वारंवार हाताला लागते. येथे चिन्हाला मान आहे, पण ते कोणाच्या हातात आहे हे आधी पाहिले जाते. कृष्णराव नंतर विधान परिषदेवर गेले, तळेगावच्या शिक्षणसंस्थांत रमले आणि २०२५ साली त्यांचे निधन झाले.

१९९० साली काँग्रेसचे मदन बाफना विजयी झाले. ते पुढे राज्यमंत्री झाले. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली, त्या निवडणुकीत भाजपच्या रूपलेखा ढोरे निवडून आल्या. मावळने महिला आमदार निवडून दिल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. त्यानंतर १९९९ आणि २००४ साली दिगंबर भेगडे, २००९ आणि २०१४ साली संजय ऊर्फ बाळा भेगडे. असा पाच निवडणुका सलग मावळ भाजपकडे राहिला. कृष्णराव, दिगंबर, बाळा आणि पुढे येणारे बापू ही सगळी मंडळी भेगडे आडनावाची. बाहेरच्या वाचकाला हे एकच घराणे वाटते. प्रत्यक्षात भेगडे ही तळेगावातली मोठी भावकी आहे आणि निवडणुकीत भेगड्यांविरुद्ध भेगडे उभे राहणे येथे नवलाचे नाही.

देहूचे मतदार नव्या हद्दीनुसार मतदान करू लागले ते २००९ पासून. त्या वर्षी बाळा भेगडे यांना ८३,१५८ आणि राष्ट्रवादीच्या बापू भेगडे यांना ६८,८४० मते मिळाली. आंबेगाव, बारामती या जिल्ह्यातल्याच मतदारसंघांत राष्ट्रवादीची पाळेमुळे घट्ट होती, मावळ मात्र पक्षाच्या स्थापनेपासून हाती लागत नव्हता. त्यात ९ ऑगस्ट २०११ उजाडला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलक मृत्युमुखी पडले, त्यांत एक महिला होती. राज्यात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. पाणी धरणालगतच्या शेताचे की नदीकाठच्या शहराचे, हा वाद या पट्ट्यात कारखानदारीइतकाच जुना आहे. गोळीबारानंतर तो मतपेटीत उतरला. २०१४ साली बाळा भेगडे यांचे मताधिक्य जवळपास दुप्पट होऊन २८,००१ वर गेले. राष्ट्रवादीचे उमेदवार होते ज्ञानोबा ऊर्फ माऊली दाभाडे. वारकरी मुलखातले हे नाव, देहूच्या वेशीवर ते परके वाटण्याचे कारण नव्हते. पण त्या साली वारा भाजपच्या बाजूने वाहत होता.

२०१९ साली हा गड पडला, आणि तो आतूनच फोडला गेला. बाळा भेगडे जून महिन्यात राज्यमंत्री झाले होते. तळेगावचे सुनील शेळके भाजपमध्येच होते आणि उमेदवारी मागत होते. ती मिळाली नाही तेव्हा त्यांनी राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि तिकीट घेतले. २४ ऑक्टोबरला निकाल लागला : शेळके १,६७,७१२, भेगडे ७३,७७०. विद्यमान मंत्र्याचा ९३,९४२ मतांनी पराभव. गंमत अशी की याच मतदारांनी सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला राष्ट्रवादीच्या पार्थ पवारांना मागे ठेवून शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांना लीड दिले होते. एका उन्हाळ्यात नाकारलेले राष्ट्रवादीचे घड्याळ दिवाळीच्या तोंडावर त्याच मतदाराने हाताला बांधले. जलवाहिनीचा राग संपला होता म्हणावे, तर तसेही दिसत नाही. उमेदवार बदलला होता.

लोकसभेचा इतिहास याला समांतर जातो. २००८ पूर्वी मावळचा भाग खेड लोकसभा मतदारसंघात होता. तेथून प्रा. रामकृष्ण मोरे १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन वेळा निवडून गेले. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणणारे शिक्षणमंत्री ते हेच. १९९१ साली विदुरा नवले आणि नव्वदीच्या अखेरीस अशोक मोहोळ हे खासदार झाले. २००४ साली शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव यांनी खेड जिंकले आणि पुनर्रचनेत तो मतदारसंघच संपला. नवा मावळ लोकसभा मतदारसंघ घाटावर आणि घाटाखाली असा दुभंगलेला आहे : इकडे मावळ, चिंचवड, पिंपरी, बोरघाट उतरून कर्जत, पनवेल, उरण. देहूच्या पारावर इंद्रायणीचे प्रदूषण बोलायचे आणि संध्याकाळी उरणला बंदराच्या प्रकल्पग्रस्तांपुढे उभे राहायचे, अशी उमेदवाराची धावपळ होते. २००९ साली शिवसेनेचे गजानन बाबर येथून पहिले खासदार झाले. २०१४ साली बाबरांची उमेदवारी कापून श्रीरंग बारणे यांना दिली गेली. त्यांनी लक्ष्मण जगताप यांना १,५७,३९७ मतांनी हरवले. २०१९ साली पार्थ पवार २,१५,९१३ मतांनी हरले. पवार घराण्यातल्या उमेदवाराच्या या पराभवाची चर्चा मावळपेक्षा बारामतीत जास्त झाली. २०२४ साली, शिवसेना फुटल्यानंतर शिंदे गटात गेलेले बारणे ठाकरे गटाच्या संजोग वाघेरे यांच्यापुढे ९६,६१५ मतांनी टिकले. त्या वेळी पार्थ यांचे वडील अजित पवार भाजपबरोबर महायुतीत होते, त्यामुळे ज्यांना पाच वर्षांपूर्वी पाडायचे होते त्याच बारण्यांसाठी राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांना घरोघरी चिठ्ठ्या वाटाव्या लागल्या.

देहूला मतदानाच्या वर्षी एक अडचण नेहमीची. तुकाराम बीज फाल्गुनात येते आणि लोकसभेची आचारसंहिता बहुधा त्याच सुमारास लागू होते. २०२४ साली आचारसंहिता १६ मार्चला लागली, बीज २७ मार्चला होती. लाखाची गर्दी दारात येते, पुढारीही येतात, पण स्वागताचे फलक लावायचे की नाही, लावले तर चिन्ह झाकायचे कसे, यावर खलबते होतात. देवदर्शनाला आलेला उमेदवार प्रचारात मोडतो का, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. देवळाच्या आतही एक निवडणूक असते : श्री संत तुकाराम महाराज संस्थानचे विश्वस्त मोरे वंशजांमधून मतदानाने निवडले जातात. तिच्यातली चुरस गावाबाहेर फारशी पोचत नाही. गावात तिची चर्चा विधानसभेइतकीच रंगते.

पक्षीय राजकारण देवळाच्या मांडवात उघडपणे दिसले ते १४ जून २०२२ रोजी. शिळा मंदिराच्या लोकार्पणाला पंतप्रधान नरेंद्र मोदी देहूत आले. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांचे भाषण झाले. उपमुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री अजित पवार व्यासपीठावर असूनही त्यांना बोलण्याची संधी मिळाली नाही. राष्ट्रवादीने त्यावरून राज्यभर निदर्शने केली. पंधरवड्यात सरकार पडले आणि वर्षभराने तेच अजित पवार भाजपसोबत सत्तेत बसले. शेळके त्यांच्याबरोबर गेले.

ग्रामपंचायत जाऊन आलेल्या देहू नगरपंचायतीची पहिली निवडणूक याच काळातली. १७ प्रभाग. ओबीसी आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाल्याने मतदान दोन तुकड्यांत झाले : २१ डिसेंबर २०२१ ला एक, आणि ओबीसींच्या जागा खुल्या करून १८ जानेवारी २०२२ ला दुसरी. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत राष्ट्रवादीला १४ जागा मिळाल्या, अपक्षांना दोन आणि भाजपला एक. प्रभाग काहीशे मतांचा असतो. तेथे उमेदवाराला मतदार नावाने नव्हे तर नात्याने ओळखतात आणि चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्या भाडेकरूंची नावे यादीत आहेत की अजून मराठवाड्यातल्या गावीच, यावर निकाल फिरतो. देहूरोड छावणीत तर मतदानच दुर्मीळ झाले. सात सदस्यांची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. २०२३ साली ३० एप्रिल ही तारीख जाहीर होऊन रद्द झाली.

२०२४ च्या विधानसभेत ‘मावळ पॅटर्न’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. शेळके अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे, म्हणजे महायुतीचे अधिकृत उमेदवार. त्यांच्याच पक्षाचे बापू भेगडे उमेदवारी न मिळाल्याने अपक्ष उभे राहिले. महायुतीतलेच बाळा भेगडे बापूंच्या पाठीशी गेले आणि महाविकास आघाडीने आपला उमेदवार न देता बापूंनाच पाठिंबा दिला. पंधरा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले दोन भेगडे एका मंचावर आले. एकास एक लढतीत शेळके अडचणीत येतील असा बहुतेकांचा होरा होता. २३ नोव्हेंबरला शेळके यांना १,९१,२५५ आणि बापू भेगडे यांना ८२,६९० मते मिळाली; फरक १,०८,५६५. सर्व पक्षांचे नेते एका बाजूला गेले तरी त्यांच्या मागे त्यांची मते गेली नाहीत. मावळात १९७८ साली याच्या उलट घडले होते, तेव्हा मते नेत्यामागे गेली होती आणि पक्ष मागे राहिला होता.