आलो आणि आले

सांगलीच्या 'व्हॅम्प' या संघटनेच्या नावातले दोन शब्द वाटेत बदलले. आधी ती होती 'वेश्या एड्स मुकाबला परिषद', पुढे झाली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे पाटी बदलली तरी तोंडातलं नाव बदलावं लागलं नाही. पण एड्सच्या जागी अन्याय आला आणि मुकाबल्याच्या जागी मुक्ती. हा बदल घडवणाऱ्या बायकांच्या शेजारी, त्याच कामाच्या पोटातून, पुरुषांचा आणि तृतीयपंथीयांचा एक गट उभा राहिला. त्याचं नाव 'मुस्कान'. व्हॅम्पबद्दल बरंच लिहून आलं आहे, मुस्कानबद्दल कमी. म्हणून ही वाटचाल त्या बाजूनं पाहू.

सुरुवात मात्र बायकांपासूनच करावी लागते. 'संपदा ग्रामीण महिला संस्था', म्हणजेच 'संग्राम', हिचं काम 1992 साली सांगलीत सुरू झालं. मीना सेशू यांच्या पुढाकारानं आकाराला आलेल्या या संस्थेचे पहिले दिवस गोकुळनगरच्या वस्तीत गेले. तो काळ एचआयव्हीच्या भीतीचा होता. पुणे-बंगळुरू महामार्ग, मिरजेचं रेल्वे जंक्शन, हळदीची पेठ, साखर कारखाने या सगळ्यांमुळे सांगली जिल्ह्यात माणसांची ये-जा मोठी, आणि राज्यात ज्या जिल्ह्यांची काळजी सर्वांत जास्त वाटत होती त्यांत सांगलीचं नाव वर होतं. सरकारी भाषेत वेश्यावस्ती म्हणजे रोगाचा उगम. तिथं जाऊन बायकांना शिकवायचं, अशी त्या वेळची पद्धत.

संग्रामनं निरोधची खोकी बायकांच्याच हातात दिली. कोणत्या गल्लीत कोण राहतं, कुणाचा मालक दारू पिऊन येतो, कोणतं गिऱ्हाईक निरोधला नाही म्हणतं, हे बाहेरच्या माणसाला कळायला वर्ष लागलं असतं. शेजारणीला ते कालच कळलेलं असतं. वाटणारी आणि घेणारी एकाच गल्लीतल्या असल्यामुळे निरोधाबरोबर इतर गोष्टीही निघू लागल्या: पोलिसांचा दांडका, सावकाराचं व्याज, दवाखान्यात मिळणारी वागणूक, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लावायचं. याच बोलण्यातून 1996 मध्ये व्हॅम्प स्वतंत्रपणे उभी राहिली. आजारासाठी भेटलेल्या बायका अन्यायाबद्दल बोलू लागल्या होत्या. नाव बदललं ते त्याच्या नंतर.

आता पुरुषांकडे. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आरोग्य खात्याच्या कागदावर 'एमएसएम' म्हणतात. तीन इंग्रजी अक्षरं, त्यांत ना नातं ना स्वभाव, फक्त कृती. खुद्द त्या माणसांमध्ये चालणारे शब्द वेगळे: कोती, पंथी, जोगता, आणि अलीकडे शहराकडून आलेला गे. कोती म्हणजे बायकी वळणाचा, पंथी म्हणजे त्याचा 'मर्द' जोडीदार. या शब्दांच्या सीमा माणसागणिक सरकतात. जोगता मात्र यल्लम्मा देवीच्या नावानं बांधलेला. सौंदत्ती दूर वाटली तर जतची यल्लम्मा सांगली जिल्ह्यातच आहे, आणि मार्गशीर्षातल्या तिच्या यात्रेत साडी नेसलेला, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची माळ, घातलेला पुरुष पाहून कुणी थबकत नाही. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत ही माणसं मराठीत आणली. त्यांच्यावर बेतलेल्या 'जोगवा' या चित्रपटात उपेंद्र लिमये यांनी जोगत्याची भूमिका केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तसं पाहिलं तर या भागाला साडीतला पुरुष नवा नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या. तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. शिवा-संभा कवलापूरकरांचा फड मिरजेजवळच्या कवलापूरचा. तमाशातला नाच्या पाहत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. म्हणजे रंगमंचावर जागा होती, देवीच्या दारात जागा होती. नव्हती ती घरात, शाळेत आणि एस.टी.च्या रांगेत. ज्याला टाळ्या मिळत त्याच्या भावाचं लग्न ठरताना त्याला पुढं येऊ नको म्हणत. जे कधीच साडी नेसत नाहीत, मिशी ठेवतात, शेती करतात, ज्यांचं स्वतःचंही लग्न लावून दिलेलं असतं, त्यांच्याकडे तर बोट दाखवायलाही कुणी नव्हतं.

मुस्कान उभी राहिली ती या साऱ्यांसाठी. कामाची रीत गोकुळनगरात घोटलेली: समाजातलाच माणूस हातात खोकं घेणार. फरक एवढाच की इथं वस्ती नव्हती. संध्याकाळी कुठं कोण भेटतं हे ठाऊक असणारी माणसं होती. दिवेलागणीनंतरचं मैदान, बागेतला कोपरा, स्टँडचा मागचा भाग. निरोध द्यायचा, रक्ततपासणीला कधी येतोस ते विचारायचं, आणि सोबत जायचं. सोबत जाणं महत्त्वाचं, कारण सरकारी दवाखान्याच्या खिडकीत 'कशासाठी आलायस' या प्रश्नाला एकट्यानं उत्तर देणं जड जातं. दोघं असले की एक उत्तर देतो आणि दुसरा भिंतीवरचं पोस्टर वाचतो.

या कामात एक गोष्ट लगेच कानावर येते, आणि ती मराठीत फार ठळक ऐकू येते. इंग्रजीत 'मी आलो' म्हणताना बाई की पुरुष हे सांगावं लागत नाही. मराठीत क्रियापद तोंडातून निघालं की निर्णय झालेला असतो. आलो की आले? जेवलो की जेवले? घरच्या उंबऱ्यावर जो 'आलो गं आई' म्हणतो, तोच मित्रांच्या घोळक्यात शिरताना 'आले गं बायांनो' म्हणतो. कोती मंडळी आपसात स्त्रीलिंगी बोलतात. त्यात थट्टा असते, विसावा असतो, आणि तू माझ्यातला आहेस याची खूणही असते. नवखा मुलगा पहिले काही दिवस क्रियापद गिळून बोलतो. 'जेवण झालं', 'कामावर जाणं झालं', असं आडवळणानं. मग एका संध्याकाळी त्याच्या तोंडून 'थकले बाई आज' निघून जातं. कुणी काही म्हणत नाही. चहा पुढे सरकतो.

अशा गटांच्या बसायच्या जागेला प्रकल्पाच्या भाषेत 'ड्रॉप-इन सेंटर' म्हणतात. दोन खोल्या, सतरंजी, निरोधची खोकी, एक मोठा आरसा. त्या आरशासमोर कुणी साडी नेसून पाहतो आणि परत शर्ट-पँट घालून गाडी पकडतो. कुणी नुसता झोपतो, कारण घरी दुपारी झोपलं तर प्रश्न येतात. साताऱ्याचा माणूस सांगलीत मोकळा होतो आणि सांगलीचा साताऱ्यात, कारण आपल्या गावात प्रत्येक चौकात एक चुलता उभा असतो. संग्राम आणि व्हॅम्पचं काम सांगली-मिरजेपुरतं न राहता सातारा, कराड, कोल्हापूर, पलीकडे निपाणीपर्यंत पसरलं, त्यामुळे ही देवाणघेवाण सोपी झाली. शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर ही इथं अडचण नाही. ती सोय आहे.

आणि या खोल्यांमधलं मुख्य काम काय? गोष्टी सांगणं. कुणी आपलं सांगतो, कुणी आपलंच 'माझ्या एका मित्राचं' म्हणून सांगतो. त्या 'मित्राच्या गोष्टी'ला सगळे मान डोलावतात, कुणी नाव विचारत नाही. लग्न ठरलेल्याला काय वाटतं, पंथीनं फोन उचलणं बंद केलं की काय होतं, बायकोला कळलं तर. लिखित साहित्यात ज्याला कथा म्हणतात तिचा हा कच्चा माल. बायकांच्या बाजूनं तो थेट रंगमंचावरही गेला. सुषमा देशपांडे यांच्यासोबत व्हॅम्पच्या बायकांनी स्वतःच्या आयुष्यावरचं नाटक केलं. 'माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ' हे त्याचं नाव. पात्रं रचलेली, बोलणाऱ्या बायका खऱ्या. रचलेल्या पात्राच्या आडून खरं बोलता येतं, हे सांगलीच्या नाट्यपंढरीला कुणी शिकवायला नको होतं.

छापील मराठीत पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सावकाश आली. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर 1934 साली खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. त्यानंतर बराच काळ शांतता. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' आला. पण मराठीत वाचणाऱ्या साताऱ्याच्या पोराला आपल्या भाषेत काही हवं होतं. ते पुण्यातून आलं. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला, हेल्पलाइन चालवली आणि मराठीत लिहिलं: 'पार्टनर' ही कादंबरी, 'इंद्रधनु' हे माहितीपर पुस्तक, आणि घरच्यांचे अनुभव एकत्र करणारं 'मनाचिये गुंती'. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 मध्ये आली. एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, त्याची ही कादंबरी.

पण पुस्तक छापलं गेलं म्हणजे हातात आलं असं नाही. ज्या दुकानदाराकडे लहानपणापासून वह्या घेतल्या, त्याच्यासमोर ते पुस्तक ठेवून पैसे द्यायचे कसे? टपालानं मागवलं तर पार्सल वडील फोडणार. म्हणून एक प्रत अनेकांत फिरायची, वर्तमानपत्राच्या कव्हरात. 2016 नंतर स्वस्त डेटा आला आणि हा प्रश्न खिशातल्या फोनवर सुटला. मराठीतल्या हौशी लेखकांच्या प्रेमकथा, टोपणनावानं लिहिलेल्या, रात्री पांघरुणात वाचता येऊ लागल्या. गोष्टीतले दोन नायक कधी पुण्याच्या वसतिगृहात भेटतात, कधी उसाच्या फडात. भाषा कधी पाठ्यपुस्तकी, कधी कराडची. पुढचा भाग कधी येणार, यावरून दोन अनोळखी वाचकांची ओळख होते, आणि काही महिन्यांनी गोष्ट मागे पडून आईच्या शुगरबद्दल बोलणं सुरू होतं. वर्षानुवर्षं एकमेकांचा चेहरा न पाहता दिवाळीला फराळाचे फोटो पाठवणारी मैत्री या भागात आता नवलाची नाही. सतरंजीवरच्या त्या खोलीनं जे केलं तेच फोननं केलं: 'माझ्या एका मित्राची गोष्ट' सांगायला जागा दिली.

या सगळ्याच्या डोक्यावर कायदा होता. दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते परत गुन्ह्यात ढकलले. 2014 च्या एप्रिलमध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य झाली. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 377 ची ती बाजू रद्द केली. समलिंगी लग्नाच्या हक्काला मात्र 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार मिळाला. मैदानावर रात्री हटकणाऱ्या हवालदाराला या तारखा पाठ नसतात. म्हणून निकालाच्या बातमीचं कात्रण जवळ बाळगणं हाही कामाचा भाग झाला.

पैशाची बाजूही सोपी नव्हती. एचआयव्हीसाठी अमेरिकेचा निधी हवा असेल तर संस्थेनं वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं लिहून द्यावं, अशी अट आली. ज्या बायकांच्या बळावर संस्था उभी होती त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? संग्रामनं 2005 मध्ये तो निधी नाकारला. सरकारी प्रकल्पांचा जाच वेगळा. तिथं उद्दिष्टं आकड्यांत: किती निरोध, किती तपासण्या, किती नवे संपर्क. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. तेव्हा मैदानं ओस पडली, सतरंजीची खोली मिटली, आणि कोण कुठं आहे, कुणाकडे धान्य आहे, कुणाच्या गोळ्या संपत आल्यात हे ज्या ओळखींवर कळत होतं, त्या कुठल्याच आकड्यात मोजलेल्या नव्हत्या.

अशा कामाच्या रजिस्टरात रकाने ठरलेले असतात: नाव किंवा टोपणनाव, वय, ठिकाण, निरोध, तपासणीची तारीख, शेरा. मैत्रीचा रकाना नाही, तो असायचंही कारण नाही. शेऱ्यात बहुतेकदा दोनच शब्द असतात: 'भेट झाली'. समोरचा आला की आली, हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागत नाही. क्रियापद भेटीशी जुळतं.