तक्रारीला नंबर कसा मिळाला

हिंजवडीत सपोर्टच्या शिफ्टला बसणाऱ्याचा दिवस तिकिटांत मोजला जातो. तिकीट आलं, तिकीट उचललं, तिकीट क्लोज झालं. ग्राहकाच्या तक्रारीला क्रमांक देऊन तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करायचा, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी कुणीतरी बसवली असेल, हे मनातही येत नाही. तिच्या कुळाची एक मोठी शाखा कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीत सापडते.

त्याआधी सपोर्ट म्हणजे मुख्यतः फोन. युटामधल्या वर्डपरफेक्ट या सॉफ्टवेअर कंपनीची मोफत फोनसेवा ऐंशीच्या दशकात नावाजलेली होती. रांगेत ताटकळणाऱ्यांना गाणी ऐकवायला आणि अजून किती थांबावं लागेल ते सांगायला तिथे चक्क निवेदक नेमले होते. कौतुकाचीच गोष्ट, पण रांग काही त्यामुळे कमी होत नव्हती.

१९८९मध्ये मायकेल टीमन, जॉन गिल्मोर आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी प्रत्येकी दोन हजार डॉलर घालून कॅलिफोर्नियात सिग्नस ही कंपनी काढली. धंदा ऐकणाऱ्याला वेडेपणाच वाटावा असा होता: जीसीसी या कंपायलरसारखी सॉफ्टवेअर कुणीही फुकट घ्यावीत, पैसे द्यायचे ते त्यांची देखभाल करून घेण्याचे. म्हणजे विकायला होता तो फक्त सपोर्ट. त्यात ढिलाई झाली तर दुकानच बंद.

ग्राहक बहुतेक इंजिनिअर, त्यामुळे तक्रारी ईमेलने येत. ईमेलची खोड अशी की एकच पत्र चौघांना गेलं तर प्रत्येकाला वाटतं, उत्तर दुसऱ्याने दिलं असेल. यावर सिग्नसमधल्या ब्रेंडन किहो याने १९९२च्या सुमारास नॅट्स ही प्रणाली लिहिली. नॅट्स म्हणजे चिलटं. सॉफ्टवेअरमधल्या ‘बग’ची नोंद ठेवणाऱ्याला शोभेलसं नाव.

ग्राहकाने ‘सेंड-पीआर’ ही आज्ञा दिली की समोर कोरा फॉर्म उघडे. आधी एका ओळीत सारांश. मग तीव्रता: क्रिटिकल, सीरियस की नॉन-क्रिटिकल. त्याखाली अग्रक्रम: हाय, मीडियम की लो. पुढे ‘हाउ-टू-रिपीट’, म्हणजे बिघाड पुन्हा कसा घडवून दाखवता येईल. आणि तळाशी ‘फिक्स’: उपाय माहीत असेल तर तोही सांगा! रोग्यालाच औषध विचारण्याचा हा प्रकार उद्धट वाटेल, पण इथला रोगी बरेचदा स्वतःच वैद्य असे.

या फॉर्ममधला खरा ऐवज ‘हाउ-टू-रिपीट’चा रकाना. ‘चालत नाही हो’ एवढ्यावर भागवू पाहणाऱ्याला त्याने पायऱ्या मांडायला लावल्या.

फॉर्म साध्या ईमेलने जाई. पोचला की यंत्र त्याला क्रमांक देई, ग्राहकाला पोच पाठवी आणि त्या विभागाच्या जबाबदार माणसाकडे पत्र वळवी. कोणत्या ग्राहकाला किती वेळात प्रतिसाद द्यायचा, याची नोंद वेगळ्या फाइलीत असे. कामकाजाच्या तासांत ती मुदत उलटली की संबंधितांना आठवणीचं पत्र जाई. तक्रार ‘क्लोज्ड’ कधी म्हणायची, याचा नियम तर आजच्या कित्येक हेल्पडेस्कांना झेपणार नाही: दुरुस्ती झाली, तपासली गेली आणि तक्रारदाराने होकार दिला, तरच.

पुढे वंश फोफावला. १९९६मध्ये वेस्लियन विद्यापीठात जेसी व्हिन्सेंटने रिक्वेस्ट ट्रॅकर रचला. तिथे तिकिटाचा क्रमांक पत्राच्या विषयातच चौकटी कंसात बसला, म्हणून उलट टपालाने आलेलं उत्तरही आपोआप योग्य तक्रारीखाली जाऊ लागलं. नेटस्केपमध्ये टेरी वाइसमनने घडवलेलं बगझिला १९९८मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि हा सगळा कारभार ब्राउझरमध्ये आला.

थोरल्या पातीला, म्हणजे नॅट्सला, त्यानंतर उतरती कळा लागली. जीसीसी २००३मध्ये नॅट्स सोडून बगझिलाकडे गेलं, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम २०१४मध्ये. स्थलांतरात जुन्या तक्रारींचे क्रमांक मात्र तसेच ठेवले, कारण वर्षानुवर्षांच्या कोडमध्ये आणि पत्रव्यवहारात त्यांचेच दाखले दिलेले होते.